शिवाराची नोंद कोणीं ठेवावी?

हल्लीं चार शेतकरी कोठेंहि एकत्र बसले कीं एक वाक्य हटकून कानीं पडतें: "पूर्वीसारखा पाऊस आतां राहिला नाहीं." बाजाराच्या दिवशीं, लग्नाच्या मांडवांत, संस्थेच्या सभेंत, एस्. टी. च्या थांब्यावर, सर्वत्र हेंच गाऱ्हाणें. तें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु "पूर्वीसारखा म्हणजे किती, आणि आतां म्हणजे किती?" असा उलट प्रश्न केला असतां बोलणारा गप्प बसतो, किंवा आजोबांच्या वेळची एखादी गोष्ट सांगूं लागतो. आपल्या स्वतःच्या शिवारांत गेल्या दहा वर्षांत मृगांत किती पाऊस पडला, दिवाळीच्या सुमारास विहिरीचें पाणी किती हातांवर होतें, शाळूस वाफसा कोणत्या तारखेस आला, हें लिहून ठेवलेला शेतकरी गांवोगांव शोधूनहि क्वचितच सांपडतो. ज्या गोष्टीवर आपलें सारें पोट अवलंबून आहे तिचाच हिशेब आपणांपाशीं नसावा, हें आम्हांस चिंतेचें वाटतें. म्हणून हे दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम मोठ्या प्रमाणावर काय सिद्ध झालें आहे तें पाहूं. केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं भारतांतील हवामानबदलाविषयीं एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें १९०१ ते २०१८ या काळांत देशाचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंश सेल्सिअसनें वाढलें. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा पाऊस १९५१ ते २०१५ या काळांत सुमारें ६ टक्क्यांनीं घटला. पण त्याच सुमारास मध्य भारतांत एका दिवसांत १५० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढले. १९५१ ते १९८० च्या मानानें १९८१ ते २०११ या काळांत पावसाळ्यांतील उघाडीचे प्रसंग २७ टक्क्यांनीं अधिक झाले. याचा सरळ अर्थ असा कीं, पाऊस थोडा कमी, तोहि थोड्या दिवसांत, आणि मधल्या उघाडी अधिक. आपल्या हवामानखात्यानें २०२० सालीं मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखाहि बदलल्या. देशाच्या वायव्य भागांतून पाऊस परतूं लागण्याची तारीख १ सप्टेंबर होती ती १७ सप्टेंबर झाली. मुंबईहून परतण्याची तारीख २९ सप्टेंबर होती ती ८ ऑक्टोबर झाली. सरकारी पंचांगांतच एवढा फरक पडल्यावर शेतकऱ्याचें गाऱ्हाणें निराधार आहे असें कोण म्हणेल?

आपल्या भागाचें उदाहरण घ्यावयाचें तर फार मागें जावें लागत नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. २०२३ सालचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला व त्याच वर्षीं राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. पुढें दोनच वर्षांनीं, २०२५ च्या सप्टेंबरांत, जी सीना नदी एरवीं उन्हाळ्यांत वाळूचा पट्टा म्हणूनच ओळखली जाते तिला असा पूर आला कीं, सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांतील कित्येक गांवांस पाण्यानें वेढा दिला, आणि उभीं पिकेंच नव्हेत तर खालची माती देखील वाहून गेली. पाण्याअभावीं जनावरें छावणींत नेणारा प्रदेश तो हाच.

परंतु येथें विवेकानें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. वरील आंकडे देशाचे, विभागाचे, फार तर जिल्ह्याचे आहेत. शेतकरी देशांत पेरीत नाहीं. तो आपल्या गटांत पेरतो. देशाची सरासरी कितीहि अचूक असली तरी आपल्या काळ्या रानांत कधीं तिफण घालावी, हें ती सांगूं शकत नाहीं. तें सांगणारी नोंद फक्त त्या रानाशेजारींच होऊं शकते, आणि ती आज कोणीच करीत नाहीं.

"नोंद कशास हवी? आमच्या ध्यानांत आहे," असें पुष्कळांचें उत्तर असतें. स्मरणशक्तीचा आम्हांस आदर आहे, परंतु स्मरण म्हणजे दप्तर नव्हे. स्मरणांत पूर राहतो, दुष्काळ राहतो, गारपीट राहते. साधारण वर्षें गळून जातात. १९७२ च्या दुष्काळानंतर ज्यांचा जन्म झाला तेहि आज "बहात्तर सालासारखें झालें" असें म्हणतात. म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीशीं पाहिलेल्या गोष्टीची तुलना करितात. बालपणीं सात सात दिवस झड लागत असे, असें सांगणारे वृद्ध खरें सांगत असतील. पण ती झड दर वर्षीं लागे कीं पांच वर्षांतून एकदां, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. कांहीं मंडळी सर्व दोष नक्षत्रांकडे देतात, कीं नक्षत्रेंच सरकलीं. नक्षत्रें सरकतात हें खरें; परंतु सूर्यनक्षत्राच्या इंग्रजी तारखेंत एक दिवसाचा फरक पडण्यास सुमारें ७२ वर्षें लागतात. आठ-पंधरा दिवसांचा जो फरक आपण एका हयातींत अनुभवितों त्याचें कारण तेथें नाहीं.

दुसरे गृहस्थ म्हणतात, हें काम सरकारचें आहे, आणि सरकार तें करितेंच आहे. आम्हीं महसूल खात्यांत उभी हयात कारकुनी करून पोट भरलें आहे. त्यामुळें सरकारी नोंदीचें मोल आम्ही जाणतों व तिची मर्यादाहि जाणतों. महसूल मंडळागणिक आतां स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आहेत, ही मोठीच सुधारणा होय. तथापि एका मंडळांत अनेक गांवें असतात, आणि पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाहीं. ओढ्याच्या अलीकडे बांध फुटलेले आणि पलीकडे धूळ उडत असलेली, असा देखावा एकाच दिवशीं एकाच मंडळांत आम्हीं पाहिला आहे. मंडळांत २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टि धरली जाते. पर्जन्यमापकाजवळ चाळीस व तुमच्या बांधावर शंभर पडला, तर कागदोपत्रीं तो चाळीसच. असे अर्जदार आमच्या टेबलापाशीं किती आले याची गणति नाहीं. त्यांच्या अर्जांत "अतोनात", "प्रचंड", "कधीं नव्हे एवढा" हे शब्द असत. आंकडा मात्र नसे. आणि सरकारी फायलींत विशेषणास कोणतेंहि स्थान नसतें.

पैसेवारीची गोष्टहि याहून निराळी नाहीं. पन्नास पैशांच्या खालीं कीं वर, एवढ्या एका आंकड्यावर पूर्वीं गांवाच्या सवलतींचें भवितव्य ठरत असे. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ-संहितेनंतर पावसाची तूट, जमिनींतील ओल, उपग्रहानें दिसणारी हिरवळ असे अनेक निर्देशांक त्यांत आले. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानेंच मोबाइलवर छायाचित्रासह करावी अशी ई-पीक पाहणीची व्यवस्था झाली. या साऱ्या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु उपग्रह वरून हिरवें पाहतो. तें हिरवें तुरीचें कीं तणाचें, हें ठरविण्यास अखेर कोणीतरी खालीं उभा असावा लागतो. आणि पीक-पाहणीच्या अर्जांत पीक कोणतें हें येतें; वाफसा कोणत्या दिवशीं आला, फुलोरा किती दिवस मागें पडला, हें येत नाहीं.

तेव्हां नोंद आपणच ठेविली पाहिजे. ती कशी, याविषयीं आमच्या अल्प अनुभवाप्रमाणें सांगतों.

पावसाचें माप घेण्यास फारसा खर्च नाहीं. प्लास्टिकचा पर्जन्यमापक अल्प किंमतींत मिळतो; तो न मिळाल्यास तोंड व बूड सारख्याच घेराचें, उभ्या बाजूंचें कोणतेंहि सपाट बुडाचें भांडें चालतें. त्यांत जितके मिलिमीटर पाणी सांचलें तितका पाऊस. शाळेंतील मुलाची फूटपट्टी मापास पुरे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हें मुलांस समजावून दिलें म्हणजे तीं हें काम आवडीनें करितात. भांडें उघड्यावर, झाडापासून व भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट दूर ठेवावें, आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाहून रिकामें करावें; हवामानखात्याची वेळ तीच असल्यानें आपला आंकडा त्यांच्या आंकड्याशेजारीं ठेवतां येतो.

विहिरीच्या पाण्याची खोली दर अमावास्येस व पौर्णिमेस, सकाळीं मोटर सुरू करण्यापूर्वीं, कांठावरील एकाच खुणेपासून गांठी मारलेल्या दोरीनें मोजावी. पेरणी, वाफसा, उगवण, फुलोरा, काढणी यांच्या तारखा लिहाव्या. बांधावरचा एक आंबा, एक पळस, एक बहावा व एक कडुनिंब नेमून ठेवून त्यांचीं पहिलीं फुलें कधीं आलीं तें लिहावें. झाड दर वर्षीं तेंच असावें. पावशाची पहिली हांक, सुगरणीचें पहिलें घरटें, काजव्यांची पहिली रात्र यांचीहि तारीख असावी. बहावा फुलल्यावर दीड महिन्यानें पाऊस येतो, टिटवीनें उंचावर अंडीं घातलीं तर पाऊस मोठा, अशा समजुती आपल्याकडे आहेत. त्यांची थट्टा करूं नये आणि त्यांवर पेरणीहि करूं नये. दहा वर्षें तारखा लिहिल्या म्हणजे त्यांतील कोणती खरी व कोणती केवळ बोलण्यांतली, हें वहीच सांगेल.

आतां दप्तराच्या शिस्तीविषयीं. पाऊस न पडल्यास शून्य लिहावें. रकाना कोरा सोडूं नये. शून्य म्हणजे पाहिलें व पाऊस नव्हता. कोरें म्हणजे पाहिलेंच नाहीं. या दोहोंत सत्य व असत्याइतकें अंतर आहे. नोंद त्याच दिवशीं करावी. महिनाअखेर एका बैठकींत भरलेली वही जाणत्यास पान उलटतांच ओळखूं येते. सर्व आंकडे एकाच शाईचे, एकाच वळणाचे, आणि बहुतेक शून्यांत किंवा पांचांत संपणारे असतात. आंकडा चुकला तर खोडून काळा करूं नये. एक आडवी रेघ मारून शेजारीं दुसरा लिहावा. आंकड्याच्या रकान्यांत मत लिहूं नये. मतासाठीं शेऱ्याचा रकाना आहे.

अशा नोंदीचा पहिल्या वर्षीं कांहींच उपयोग दिसत नाहीं, हें आम्ही आधींच सांगून टाकतों. तिसऱ्या-चौथ्या वर्षीं एका वर्षांतला व दुसऱ्यांतला भेद दिसूं लागतो. दहा वर्षांनीं आपल्या रानाचा स्वभाव कळतो. हवामानशास्त्रज्ञ तर सरासरी काढण्यास तीस वर्षें घेतात. म्हणजे ज्यानें पन्नाशींत वही उघडली तो तिचा शेवट पाहीलच असें नाहीं. परंतु जमीन तरी आपण एका पिढीसाठीं कोठें धरितों? सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ही वहीहि पुढच्या पिढीच्या हातीं जावी. इंग्लंडांत नॉरफोक परगण्यांत रॉबर्ट मार्शम नांवाच्या एका जमीनदारानें १७३६ सालीं आपल्या मळ्यांतील झाडांस पालवी कधीं फुटली, फूल कधीं आलें, पक्षी कधीं बोलले हें लिहिण्यास आरंभ केला. त्याच्या वंशजांनीं तें काम १९५८ पर्यंत चालविलें. जपानांत क्योटो येथें चेरीचा बहर कधीं आला याच्या तारखा जुन्या रोजनिशींतून जमवून बाराशें वर्षांचा क्रम लावतां आला आहे. आज वसंत ऋतु किती दिवस आधीं येतो, हें जगाचे शास्त्रज्ञ अशाच कागदांवरून दाखवितात. तीं माणसें शास्त्रज्ञ नव्हतीं. तीं फक्त दर वर्षीं त्याच झाडाखालीं जाऊन उभीं राहत.

आपल्याकडेहि उदाहरण नाहीं असें नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें पाऊस व भूजल मोजून दर वर्षीं पाण्याचा जमाखर्च मांडण्याचा परिपाठ घातला, आणि पाण्याच्या शिलकेप्रमाणें पिकें ठरविलीं. त्या गांवास आभाळानें कांहीं अधिक दिलें नाहीं. तेंहि पर्जन्यछायेंतीलच गांव आहे. त्यानें मिळालेलें मोजलें, एवढाच फरक.

कोणी विचारील, "लिहिल्यानें पाऊस पडणार आहे काय?" पडणार नाहीं. परंतु दुबार पेरणी टळूं शकेल. आपल्याकडे पेरणीयोग्य पाऊस म्हणून ७५ ते १०० मिलिमीटरचें प्रमाण कृषिखातें सांगत आलें आहे. उन्हाळ्यांत भेगाळलेल्या काळ्या रानावर तीस-चाळीस मिलिमीटरची सर आली कीं ती डोळ्यांस मोठी दिसते, ओढे खळाळतात, शेजारी तिफण जुंपतो आणि आपणहि जुंपतों. वरची ढेकळें भिजलेलीं असतात, खालचें रान कोरडेंच असतें. मग पंधरा दिवसांची उघाड पडली कीं बियाणें, खत, मजुरी यांवर पाणी सोडावें लागतें आणि दुसऱ्या पेरणीसाठीं पुन्हा सोसायटीचें किंवा सावकाराचें दार. २०२५ सालीं मोसमी पाऊस २६ मे रोजींच मुंबईस पोंचला, म्हणजे ११ जून या सर्वसाधारण तारखेच्या सोळा दिवस आधीं; पण पुढें तो जूनच्या मध्याच्या सुमारापर्यंत खोळंबला. अशा वेळीं "आला" हा शब्द फसवा असतो. बांधावरच्या भांड्यांतील आंकडा फसवीत नाहीं. पाऊस उशिरां परतूं लागल्यानें शाळूच्या पेरणीच्या दिवसांत, उत्तरा-हस्ताच्या सुमारास, रानें चिखलांत राहतात व वाफसा मिळत नाहीं, ही तक्रारहि आतां ऐकूं येते. ती किती वर्षांतून किती वेळां खरी ठरते हें कळल्याशिवाय पेरणीची तारीख, वाण किंवा पीक बदलण्याचा निर्णय हा केवळ जुगार होय.

शेवटचा आक्षेप असा कीं, खाजगी वहीस सरकार मानीत नाहीं. हें खरें आहे, आणि उद्यां लगेच मानील अशी आशा आम्ही दाखवीत नाहीं. तथापि एका गांवांत पांच वेगवेगळ्या ठिकाणीं पांच माणसांनीं पांच वर्षें नेमानें लिहिलेले आंकडे घेऊन ग्रामसभा उभी राहिली, तर "आमच्या गांवास निराळा पर्जन्यमापक द्या" एवढी मागणी तरी तिला पुराव्यानिशीं करितां येईल. आज ती फक्त आरडाओरड करूं शकते.

म्हणून आपल्या संस्थेपुढें आमची नम्र सूचना अशी. येत्या वार्षिक सभेंत ठराव करून संस्थेनें बारा रकान्यांची एक साधी छापील वही सभासदांस मूळ किंमतींत द्यावी. दर गांवांत निदान पांच नोंदकर्ते असावे: एक नदीकांठचा, एक माळावरचा, एक गांवठाणांतला, आणि उरलेले दोन जेथें जमीन बदलते तेथले. घरांतील लेकीसुना व शाळेंतील मुलें यांस या कामांत मुद्दाम घ्यावें. शेतावर रोज जाणें त्यांचेंच अधिक असतें, आणि वही पुढें चालवावयाची तींच आहेत. दर वर्षीं दिवाळीनंतर पांचहि वह्या ग्रामसभेंत मोठ्यानें वाचाव्या, त्यांची एक प्रत संस्थेच्या कपाटांत ठेवावी, आणि या मासिकानें प्रत्येक महिन्यास एक पान त्या आंकड्यांस द्यावें. गांवांतील ऐंशी वर्षांच्या वृद्धांस ज्या तारखा व ज्या खुणा आठवतात त्याहि, सांगणाऱ्याच्या नांवासह व "ऐकीव" असा शेरा मारून, वहीच्या पहिल्या पानांवर उतरून घ्याव्या. ही शेवटची गोष्ट मात्र लांबणीवर टाकूं नये. पाऊस पुढच्या वर्षींहि मोजतां येईल; या माणसांस विचारण्याची संधि पुढच्या वर्षीं असेलच असें नाहीं.